बर्फाच्या कारखान्यातली पेटी

आमच्या घरात पुरुषाचा आवाज वर्षातून महिनाभर असायचा. एरवी मी आणि आत्या, दोघीच. आत्या बोलायची ती गाईशी, मांजरीशी, चुलीत धुमसणाऱ्या ओल्या लाकडांशी. माझ्याशी बोलायला तिच्याजवळ फारसं काही उरत नसे, आणि माझीही त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण दुसरं कसं असतं ते मला माहीत नव्हतं. मांडवीच्या वरच्या अंगाला, चढणीवर आमचं घर. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी, मागे विहीर आणि दोन फणस. सकाळी रहाट करकरायचा, दुपारी खालून समुद्राची गाज यायची, तिन्हीसांजेला देवळातली घंटा आणि मिरकरवाड्याकडची बांग एकमेकींत मिसळायची. एवढेच आवाज. पानं वाढताना आत्या भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. मी कुळथाची पिठी भुरकली तरी ती मान वर करून बघायची. पुढे नोकरीनिमित्त माणसांनी भरलेल्या घरांत जेवायची वेळ आली तेव्हा तो गलका मला सोसेना. मी सगळ्यांच्या आधी हात धुऊन उठायची. अजूनही मी जेवताना टीव्ही बंद करते. शेजारची सून म्हणते, काकू, एकट्या जेवता, निदान आवाज तरी असू दे. तिला काय सांगणार?

आई मी फार लहान असताना गेली. बाबा बोटीवर होते. रत्नागिरीत 'बोटीवर आहेत' एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. दर चार घरांआड एक घर तसं असतंच. बाबा आधी एका प्रवासी बोटीच्या भटारखान्यात होते. त्या बोटीवर संध्याकाळी प्रवाशांसाठी बँड वाजायचा. त्यातला एक वाजवणारा आजारी पडला, आणि फावल्या वेळात तेलाचे डबे बडवणाऱ्या बाबांना कुणीतरी हौसेने त्याच्या जागी उभं केलं. तिथून ते भटारखान्यात परत गेलेच नाहीत. हे सगळं मला खूप उशिरा, परक्या माणसांच्या तोंडून कळलं. घरी ते फक्त 'बोटीवर' होते. वर्षातून एकदा यायचे, तेव्हा घरभर परदेशी साबणाचा वास पसरायचा. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आत्याला नायलॉनची साडी जी ती कधी नेसली नाही, मला दर वर्षी एक पेन. मग ते ओटीवर आरामखुर्ची टाकून बंदराकडे बघत बसायचे. मला विचारायचे, "अभ्यास चाललाय ना?" मी म्हणायची, "हो." आमचं बोलणं एवढंच. महिना संपत आला की आत्या त्यांच्यासाठी आंबापोळ्या आणि सोडे बांधायला घ्यायची, आणि मला हळूच मोकळं वाटायला लागायचं. परका माणूस निघाला की घराला वाटतं तसं. आणि ते गेले की दुसऱ्या दिवशी मी आरामखुर्चीत बसून बघायची, त्यांना तिथून काय दिसत असेल ते.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली त्या वर्षी बाबा पावसाच्या तोंडावर आले, आणि त्यांच्याबरोबर टेंपोतून लाकडी खोकं आलं. त्यात तीन उंच ढोल होते, कमरेएवढे, मधे फुगीर आणि खाली निमुळते. आत्याला वाटलं भाताची पिंपं आणली. वरचं चामडं दिसल्यावर तिने विचारलं, कसलं आहे ते. बाबांनी बकऱ्याचं म्हणून सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, खेचराचं आहे, तिला सांगू नकोस. माझ्या आठवणीत ही त्यांनी माझ्याशी केलेली पहिली गंमत. त्या ढोलांना कोंगा म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. महिना झाला, दुसरा लागला, तरी आंबापोळ्या बांधायचं नाव निघेना. वाडीत लोक म्हणायला लागले, वसंता कायमचा आला. आत्या त्यावर हो म्हणेना की नाही म्हणेना. मी मात्र विश्वास ठेवला. मला तो ठेवायचा होता.

पावसात घरातलं सगळंच सादळतं. पापड, काडेपेटी, अंथरूण, तसंच कोंग्याचं चामडंही. बाबा दुपारी शेगडी पेटवून एकेक ढोल तिच्याजवळ आडवा धरायचे, फिरवत राहायचे, मधेच बोटाने टिचकी मारून कान लावायचे. चामडं तापलं की थोडा वेळ वाजवायचे, अगदी हलकं, नुसत्या बोटांनी. मी तेव्हा पेटी वाजवत असे. देवळातल्या बुवांकडे शिकले होते आणि दर गुरुवारी बायकांच्या भजनाला साथ करायची. गावात माझी ओळख तेवढीच होती, 'पेटीवाली सुलू'. बाबा आल्यापासून मी घरी वाजवणं बंद ठेवलं होतं, लाज वाटायची म्हणून. एका दुपारी ते झोपलेत असं समजून मी माजघरात बसून हळू आवाजात एक चाल घेतली, तर बाहेरून कोंगा सुरू झाला. मी थांबले. ते ओटीवरूनच म्हणाले, "थांबू नकोस." मी पुन्हा सुरू केलं. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो, मधे भिंत होती. भजनाचं धृपद मी दोनतीनदा फिरवलं. तो ठेका माझ्या चालीवर बसत होता आणि बसतही नव्हता. सगळीकडे होता, पण मी जिथे त्याची वाट बघायची तिथे नेमका नसायचा.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही बसू लागलो. त्या दीड-दोन महिन्यांतल्या दुपारी म्हणजे माझ्या आयुष्यातला बाबांचा सगळा सहवास, असं म्हटलं तरी चालेल. आत्या आत फणसाच्या आठळ्या भाजत असायची, त्यांचा खरपूस वास यायचा. पन्हळीतून पाणी कोसळत असायचं. बाबा जेवणाच्या पाटावर बोटांनी ठेका दाखवायचे आणि मला टाळी द्यायला लावायचे. माझी टाळी दर वेळी समेवर पडायची. भजनात दुसरं काय करतात? सगळ्या बायका कुठे कुठे भटकून येतात आणि समेवर एकत्र भेटतात, तेच तर त्यातलं सुख. बाबा मान हलवायचे. "सम कुठे आहे ते तुला माहीत आहे," ते म्हणाले, "मला माहीत आहे, ऐकणाऱ्याला माहीत आहे. मग ती वाजवायची कशाला? तू तिच्या आधी ये, आणि समेवर गप्प बस." तिकडे क्यूबात, ब्राझीलमध्ये बंदरावरची पोरंसुद्धा असंच वाजवतात, असं सांगून ते त्या बंदरांबद्दल बोलायला लागायचे. साखरेच्या गोण्या, चिरूट वळणाऱ्या बायका, रस्त्यात खुर्च्या टाकून बसलेले म्हातारे. इतकी वर्षं मी ज्या माणसाला 'हो' एवढंच म्हणत आले होते तो बोलत होता, आणि मी ऐकत होते. टाळी चुकत होती त्याचं मला काही वाटत नव्हतं. उलट चुकत राहिली तर शिकवणं चालू राहील, असंही मनात यायचं. पण हळूहळू जमायला लागलं. आम्ही दोघंच असलो की जमायचं.

आत्याने हे सगळं बघितलं होतं. एकदा विहिरीवर कळशी माझ्या कमरेवर चढवताना ती म्हणाली, "बाय, तुझा बापूस घरात रवणारा माणूस नाय गो. त्याच्यात जीव अडकवू नको." मला तिचा राग आला. वाटलं, हिला आमचं बरं चाललेलं बघवत नाही. ती कधीच काही बोलत नसे. तेव्हा बोलली, तर मी कळशी सावरत नुसती पुढे निघाले.

मग बाबांनी सांगितलं की त्यांचे बोटीवरचे सोबती रत्नागिरीला येणार आहेत. बोस्को नावाचे गोव्याचे एक पियानोवाले होते, त्यांनी मुंबईत स्वतःचा बँड काढला होता, लॅटिन जॅझ वाजवणारा. आयुष्यभर हॉटेलांतून आणि बोटींवरून लोकांच्या जेवणाच्या मागे वाजवून झाल्यावर त्यांना स्वतःची एक कॅसेट करायची होती. मुंबईचा स्टुडिओ परवडणारा नव्हता. बाबांचे एक शाळासोबती मिरकरवाड्याला बर्फाचा कारखाना चालवायचे. पावसात होड्या बंद, त्यामुळे कारखानाही बंद. तिथे मासळी ठेवायची एक मोठी खोली होती, भिंती हातभर जाड, मधे भुसा भरलेला, लाकडी दार दोघांनी ओढावं लागे इतकं जड. ते लावलं की बाहेर आभाळ कोसळलं तरी आत कळत नसे. बाबा तिथे जाऊन टाळी वाजवून आले आणि खूश झाले. खोलीला जुन्या मासळीचा आणि कारखान्याच्या गॅसचा वास होता. तो शेवटपर्यंत गेला नाही. गोधड्या टांगल्या, उदबत्त्यांचे पुडे जाळले, तरी सगळे बाहेर आले की एकमेकांपासून लांब उभे राहायचे.

ते आले त्या दिवशी मी ओटीवर उभी होते. गाडीतून उतरता उतरता बोस्कोकाका ओरडले, "चिको!" मी मागे वळून बघितलं, कोण चिको ते. बाबा माझ्या बाजूने धावत पायऱ्या उतरले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या, पाठीवर थापा मारल्या, आणि बाबा हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. तेव्हा मला दिसलं की त्यांचा आतला एक दात सोन्याचा आहे. मी एवढी मोठी झाले होते आणि मला ते माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात ते तेवढे कधी हसलेच नव्हते. पुढचे काही दिवस घर भरून गेलं. आत्याने कुरकुरत का होईना, सगळ्यांचं केलं. भात, पिठी, भाजलेले सुके बांगडे, टाकळ्याची भाजी. बोस्कोकाका पिठी वाटीने प्यायचे आणि आत्याला 'माय' म्हणायचे. जेवताना ते बाबांच्या गोष्टी सांगायचे. चिकोने कुठल्या बंदरावर पोलिसाला नाचायला लावलं, चिको कुठल्या वादळात कोंगे कमरेला बांधून झोपला. मी आणि आत्या दारात उभ्या राहून ऐकायचो. दुसऱ्याच कुणाच्या घरचा माणूस असावा, तसं ते ऐकू यायचं.

कॅसेटमध्ये पाहुणे कलाकार घ्यायचे असं बोस्कोकाकांच्या मनात होतं. मडगावहून आंतोन नावाचा ट्रंपेटवाला आला, अबोल माणूस, जेवणावर व्हिनेगर मागायचा. आमच्या देवळातले विठू गुरव मृदंग घेऊन एका गाण्याला बसले. ते गाणं भजनी ठेक्यावरच बांधलेलं होतं, ते एका दुपारी झालंसुद्धा. आणि तिसरी पाहुणी मी. हे बाबांनीच सुचवलं. मला न विचारता, सगळ्यांसमोर, जेवताना म्हणाले, "माझी मुलगी पेटी वाजवते." बोस्कोकाकांनी लगेच ओटीवर पेटी मागवली, मला वाजवायला लावलं आणि त्याच संध्याकाळी तिच्याभोवती एक गाणं रचलं. त्यात मला एक लहानशी ओळ पुन्हा पुन्हा फिरवायची होती, चाकासारखी. समेच्या आधी यायचं आणि समेवर गप्प. त्या रात्री मला झोप आली नाही. मी बरीच पुढची स्वप्नं बघत होते. गाणं चांगलं झालं तर बाबा इथेच राहतील, बँड दर पावसाळ्यात येईल. किंवा ते गेलेच तर मलाही घेऊन जातील. कुणी काही बोललं नव्हतं. हा सगळा हिशेब माझा मीच मांडला होता.

माझी पेटी बुवांनी कधीतरी लावून दिलेली, त्या लोकांच्या स्वरापेक्षा किंचित चढी निघाली. पेटी काही तिथल्या तिथे उतरवता येत नाही. तेव्हा बोस्कोकाकांनी आपला इलेक्ट्रिक पियानो एक बटण फिरवून माझ्या पेटीला मिळवून घेतला, बासवाल्याने तारा चढवल्या, आंतोनने ट्रंपेटची नळी आत ढकलली. एवढी मोठी माणसं माझ्या स्वराला येऊन मिळाली, त्याचा मला कोण अभिमान वाटला. दार लागलं. पंखा आवाजासाठी बंद. एकच दिवा. मुंबईहून आलेला रेकॉर्डिंगवाला कोपऱ्यात आपल्या मशीनपाशी बसला होता. त्या काळात सगळ्यांनी एकदमच वाजवायचं असे. एक चुकला की सगळ्यांचं वाया. बाबा माझ्या समोर, तीन कोंग्यांच्या मागे उभे होते. त्यांनी मान डोलावली आणि मी सुरू केलं.

सुरुवातीची एकटीची ओळ ठीक गेली. बाबा आले, तेही ठीक. मग बास आला, पियानो आला, ट्रंपेट आलं, आणि खोली भरली तशी मला भीती वाटायला लागली. पाय घसरला की हात आपोआप भिंतीकडे जातो, तसा माझा हात समेवर गेला. थांबलो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बोस्कोकाका दर वेळी म्हणायचे, काही हरकत नाही. आंतोन ओठ पुसायचा आणि छताकडे बघायचा. घामाने पेटीच्या पट्ट्या ओल्या झाल्या होत्या. मी समेला गप्प बसायची म्हणून श्वास धरायची, तर भाता थांबायचा. शेवटी एकदा न थांबता आम्ही टोकापर्यंत गेलो. रेकॉर्डिंगवाल्याने ते लहान स्पीकरवर ऐकवलं. मला वाटलं, झालं. बाकी सगळे खाली बघत होते.

"गोड लागता रे, चिको," बोस्कोकाका म्हणाले. "असूं दे."

बाबांनी कोंग्यावर हात पसरून ठेवले होते. "गोड लागतं," ते म्हणाले. "म्हणून चालत नाही." मग माझ्याकडे बघून, ओटीवर ज्या आवाजात शिकवायचे त्याच आवाजात ते म्हणाले, "सुलू, तुझा हात समेवर पडतोय. तू पडलीस की तुझ्याबरोबर आम्ही सगळे खाली बसतो. हे पेटीशिवाय करावं लागेल."

"आणखी एकदा वाजवू?"

"नको."

"मला येतंय, बाबा. घरी येत होतं."

"घरी येत होतं," ते म्हणाले. "इथे नाही येत."

मी भाता मिटला आणि उठायला लागले, तर रेकॉर्डिंगवाल्याने हाताने थांबवलं. सगळे मायक्रोफोन लावून झाले होते, दार उघडायचं तर अर्धं सामान हलवावं लागलं असतं. मला तिथेच बसायचं होतं, न हलता, आवाज न करता. मी बंद पेटीवर दोन्ही हात ठेवून बसले. बोस्कोकाकांनी माझी ओळ पियानोवर घेतली, आणि त्यांनी ते गाणं एका दमात केलं. मी आजवर जे काही ऐकलंय त्यातलं ते सगळ्यात सुंदर होतं, असं मी अजून म्हणते. सम आली की सगळे तिच्यावरून अलगद निघून जायचे आणि ती तिथे आहे हे तरीही कळायचं. बाबांचे डोळे मिटलेले होते, तोंड थोडं उघडं, तो सोन्याचा दात दिसत होता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. ते कळणंच वाईट होतं. ते चुकले असते तर मला निदान रडता तरी आलं असतं. त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर घरी पोचल्याची खूण होती, आणि माझ्यासारखी कुणी तिथे हातभर अंतरावर श्वास रोखून बसली आहे हे त्यांना त्या वेळी आठवत नव्हतं. आठवण्याचं कारणही नव्हतं.

त्या दिवशी जेवायला सगळे खुशीत होते. बाबांनी माझ्या पानात बांगड्याचा मधला तुकडा वाढला.  मी तो खाल्ला.

दोन दिवसांनी टेंपो आला. हातखंब्याच्या फाट्यावर जाऊन मुंबईची गाडी पकडायची होती. बाबा म्हणाले होते की कॅसेटचं पुढचं काम उरकायला मीही जाऊन येतो, गणपतीला घरी. आत्याने न सांगता आंबापोळ्या बांधल्या होत्या. सामान चढत होतं तोवर मी विश्वास धरून होते. मग त्यांनी कोंगे मागितले. तिन्ही. मी एकेक करून ते माजघरातून आणून दिले, शेवटचा ओटीवर ठेवला तेव्हा त्याचं चामडं शेगडीच्या उबेने अजून कोमट होतं. टेंपो वळणाआड गेल्यावर आत्याने झाडू घेतला आणि ओटी झाडली. दुपारी तिने तीन पानं मांडली, एक उचलून ठेवलं, आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्यावर विहिरीपाशी रागावले होते ते तिला ठाऊक असणार. तिने ते कधी काढलं नाही.

गणपतीला बाबा आले नाहीत. मूर्ती चुलतभावाने आणली. आखातातल्या एका हॉटेलातून त्यांचा फोन देवळासमोरच्या दुकानात आला, मी धावत गेले, आवाज तुटत होता. त्यांनी विचारलं, "अभ्यास चाललाय ना?" मी म्हटलं, "हो."

श्रावणातली एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. टेंपो गेल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी देवळात भजन रंगात आलं होतं. बायका टाळ्या देत समेवर आल्या, आणि मी आले नाही. माझा हात आधीच येऊन गेला होता आणि समेवर गप्प होता. कसं झालं ते मला कळलं नाही. बर्फाच्या कारखान्यात जीव तोडून जमलं नव्हतं ते तिथे, नको असताना, आपोआप झालं. पुढच्या फेरीलाही तसंच. बायका गोंधळल्या, दोघीतिघी हसल्या. बुवांनी झांज थांबवून विचारलं, "सुलू, कुठे गेलीस गो?" मी म्हटलं, चुकलं. आणि मग मुद्दाम, मोजून, त्यांच्याबरोबर समेवर येत राहिले. पण ते आता मोजून यायचं झालं होतं. ज्या एका जागी मला सगळ्यांबरोबर असल्यासारखं वाटायचं तिथेही मी एकटी पडले. काही महिन्यांनी परीक्षेचं निमित्त सांगून मी भजन सोडलं. पेटी मुळात बुवांचीच, ती त्यांना परत दिली. त्यांनी ती दुसऱ्या मुलीला शिकायला दिली.

कॅसेट निघाली, थोडी खपली, विसरली गेली. माझ्याजवळची फीत बुरशी लागून गेली. अलीकडे माझ्या भाचीने, म्हणजे त्या चुलतभावाच्या मुलीने, ती सगळी गाणी फोनवर शोधून दिली; कुणीतरी कुठल्यातरी देशातून चढवलीत. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर फिरायला जाते तेव्हा कानात घालून ऐकते. पाचवं गाणं, ज्यात माझी ओळ होती ते, बाकीच्यांपेक्षा केसभर चढं आहे. तयार कानाच्या माणसालाच कळेल. पेटी काढली, पण पुन्हा स्वर उतरवत बसायला त्यांना वेळ नव्हता. माझी ओळ गेली आणि तिच्यासाठी चढवलेल्या तारा तशाच राहिल्या. हे कुणाला सांगायला गेलं तर फार बारीकसं आहे, म्हणून इतकी वर्षं सांगितलं नाही.

बाबा शेवटी परत आले. तेव्हा आत्या नव्हती, मी नोकरीला लागून पुष्कळ वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं निराळी आहेत, ती इथे नकोत. त्यांच्याबरोबर एक बॅग होती, कोंगे नव्हते. ते कुणाला दिले, ते मी विचारलं नाही. बोटांचे सांधे सुजलेले, भाकरी मोडतानाही दुखायचे. आम्ही दोघं त्या घरात चारपाच वर्षं राहिलो, एकमेकांची अडचण होणार नाही अशा बेताने. एका रविवारी दुपारी, पावसाची उघडीप होती, आम्ही ओटीवर बसलो होतो आणि मी आधी काही न ठरवता विचारलं, त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यात मला नीट वाजवता आलं असतं तर तुम्ही राहिला असता का.  प्रश्नच त्यांना कळला नसावा असं मला वाटलं. मग म्हणाले, "सही मी पावसाआधीच केली होती. त्या आखातातल्या हॉटेलच्या करारावर. बोस्को यायच्या कितीतरी आधी."

"म्हणजे मला शिकवत होतात तेव्हा?"

"तेव्हाही."

इतकी वर्षं मी माझ्या या उजव्या हाताला जबाबदार धरलं होतं. तो समेवर पडला म्हणून टेंपो आला, असा माझा हिशेब होता. तो हिशेब त्यांनी एका वाक्यात पुसला आणि मला हलकं वाटलं. आणि लगेच त्या सगळ्या दुपारी आठवल्या, पन्हळीचं पाणी, भाजलेल्या आठळ्यांचा वास, आणि समोर बसलेला, जायचं ठरवून बसलेला माणूस. मी विचारलं, "मग शिकवलंत कशाला?"

 खोटं बोलून मला बरं वाटेल असं काही ते म्हणणार नाहीत, एवढं मला माहीत होतं. ते तसे कधी नव्हते.

"तू समोर येऊन बसायचीस," ते म्हणाले. "दुसरं काही मला तुझ्याशी बोलता येत नव्हतं."

मी चहा टाकू का विचारलं. ते म्हणाले, अर्धा कप. आत येऊन मी स्टोव्हपाशी उभी राहिले, आणि पाण्याला उकळी येऊन ते निम्मं आटलं तरी साखर घालायचं मला सुचलं नाही.